दुछत्तीवरची पेटी आणि तिच्यातला भुंगा

दौलतगंजची

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

पितृपक्षात नवीन काही आणायचं नसतं, त्यामुळे आमच्याकडे दरवर्षी या दिवसांत जुनं खाली काढायचं काम निघतं. या रविवारी दुछत्ती काढली. (पुण्या-मुंबईकरांसाठी: दुछत्ती म्हणजे माळा. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात चार पिढ्या काढल्या, आता आमचे अर्धे शब्द असेच.) पितळी घंगाळ, नवऱ्याच्या इंजिनिअरिंगच्या जाडजूड वह्या, एक फुटका कूलर आणि त्यामागे जुन्या सतरंजीत गुंडाळलेली माझी पेटी, म्हणजे हार्मोनियम. माहेरचा वाडा विकला तेव्हा बाबांनी ती इथे आणून ठेवली होती. तेव्हाही मी ती उघडली नव्हती.

पेटी मुळात आजोबांची. साडेतीन सप्तकं, ४२ पट्ट्या, खर्ज आणि नर असे दुहेरी सूर (सूर म्हणजे आतल्या पितळी जिभा, प्रत्येक पट्टीला दोन, एक खोल आणि एक त्याहून वरचा). मी सातव्या वर्षी तिच्यापुढे बसले. आजोबांची पट्टी (म्हणजे ज्या सुराला सा धरायचा तो) काळी एक, म्हणून माझीही काळी एक. मुलींनी काळी चारला गावं वगैरे त्यांना मान्य नव्हतं, 'आधी बोटं बसू देत, गळ्याचं पुढे बघू' म्हणायचे. मध्यमापर्यंत परीक्षा दिल्या. मग नववीच्या उन्हाळ्यात घरात ठरलं की दहावीपुरती पेटी वर ठेवायची. कुणी रागावलं नाही, कुणी रडलं नाही. 'दहावी झाली की काढू.' दहावी झाली, बारावी झाली, बँकेची परीक्षा, लग्न, बदली, परत ग्वाल्हेर. ते 'दहावी झाली की' या रविवारी उजाडलं. सव्वीस वर्षं.

तर प्रश्न असा. पेटी खाली आणली, पुसली. आतून डांबरगोळ्यांचा आणि जुन्या गादीचा असा मिश्र वास येतोय. भाता उघडला तर फुस्स झालं, पण मेलेला नाहीये. गंमत म्हणजे पट्टीला हात न लावताच एक सूर वाजायला लागतो. मधल्या सप्तकातली पांढरी चार. भाता हलवला की ती सुरू, भाता थांबेपर्यंत थांबत नाही. चिरंजीव (वय नऊ, तिसऱ्यांदा क्रिकेटचा क्लास सोडलेला) शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "आई, हा तुझं ऐकत नाही." त्याने त्या सुराचं नाव भुंगा ठेवलंय.

१) अशी पेटी दुरुस्त करून घेण्यात अर्थ आहे का, की नवीन घ्यावी?
२) चिरंजीवाला आता क्लास लावावा का? वय योग्य आहे असं नवरा म्हणतो.

टवाळ_कार्टं

क्रिकेट तीनदा सोडलेल्याला चौथ्यांदा काय सोडता येईल, असा प्रश्न आहे का?

बाकी धागा छान. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

सुरसागरकाठ

नवीन घेऊ नका, आधी ही उघडून बघा. दुहेरी सुरांची जुनी पेटी असेल तर लाकूड मुरलेलं असतं, तो आवाज आज दुकानातल्या पेटीत सहसा मिळत नाही. आमच्या गुजरातेत पालिताण्याचे सूर प्रसिद्ध, पेटी बनवणारे अजूनही तिथले सूर मागवतात. जुन्या पेट्यांत जर्मन सूरही सापडतात. तुमच्यात कुठले आहेत ते सुराच्या पितळी पट्टीवर छाप असेल तर कळेल.

भाता आधी तपासा. सगळ्या खुंट्या बंद करा, भाता भरा आणि सोडा. हळूहळू बसला तर ठीक. लगेच बसला तर कुठेतरी चामडं किंवा कापड गेलंय. उंदराने कुरतडलंय का तेही बघा, भात्याच्या घड्या हे त्यांचं आवडतं ठिकाण.

पट्टी न दाबता सूर वाजतो म्हणजे पट्टीच्या मागच्या टोकाखालची झडप पूर्ण बसत नाहीये. स्प्रिंग गेली असेल, झडपेचं चामडं किड्यांनी खाल्लं असेल, किंवा मध्ये काहीतरी अडकलं असेल. तिसरं असेल तर नशीब समजा.

एक विनंती: सुरांना हात लावू नका. पितळेची ती जीभ टोकाला किंचित घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. यूट्यूबवर बघून हे करायला गेलेले दोघे मला माहीत आहेत. त्यातला एक मी.

खर्जातला

धागाकर्तीला नाउमेद करायचं नाही, पण दुसऱ्या प्रश्नावर स्पष्ट बोलतो. लहान मुलाला पेटीवर बसवू नका. आधी तंबोरा. नसेल तर तंबोऱ्याचं ॲपसुद्धा चालेल.

कारण साधं आहे. पेटीचे बारा सूर समान अंतरावर बसवलेले असतात. सप्तकाचे १२०० सेंट (सुरांमधलं अंतर मोजायचं माप) धरले तर तंबोऱ्यातून निघणारा शुद्ध गंधार (ग) षड्जापासून (सा) ३८६ वर येतो, आणि पेटीचा ४०० वर. म्हणजे पेटीचा गंधार चौदा सेंट चढा. मोठ्या माणसाला ते कळलं नाही तर एक वेळ ठीक, पण नऊ वर्षांच्या मुलाचा कान त्याच गंधारावर घडतो आणि पुढे आयुष्यभर चढाच लागतो. पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, आंदोलन (सुराचं झुलणं) नाही. दरबारी कानड्याचा गंधार पेटीवर वाजवून दाखवा, मी धागा सोडून जातो.

१९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली ती उगाच नाही. ती १९७१ साली सैल झाली, तोवर तीस वर्षं रेडिओवरचे गवय्ये सारंगीच्या साथीने गातच होते ना?

अवांतर: तुमचा भुंगा काळी एकला षड्ज धरला तर नेमका शुद्ध गंधारच आहे. म्हणजे तुमच्या घरात सध्या चढा गंधार अखंड वाजतोय.

हजीरावाला

आले खर्जातले. पेटी म्हटलं की यांना चौदा सेंट आठवतात.

खर्जातलेसाहेब, ग्वाल्हेरच्या माणसासमोर पेटीला नावं ठेवण्यापूर्वी भैया गणपतरावांचं नाव घ्या. जयाजीराव शिंद्यांचे चिरंजीव, आई चंद्रभागाबाई स्वतः गाणाऱ्या. राजघराण्यातला माणूस पेटीवर ठुमरी वाजवत देशभर फिरला, आणि ज्यांनी ऐकलं ते सारंगी विसरले. ठुमरीत पेटीला मान मिळाला त्यात त्यांचा वाटा फार मोठा. मींड नाही म्हणता? जिथे मींड नाही तिथे बोटांनी मींडेचा भास तयार करायचा, हीच तर त्या वाद्याची कारागिरी. बंदी घालणाऱ्यांनी तरी कान उघडे ठेवून घातली होती का, की विलायती वाद्य म्हणून?

तसं पेटी विलायती हे खरंच. पॅरिसमध्ये दबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली तिचं पेटंट घेतलं, तीही पायाने हवा भरायची. आपण जमिनीवर बसणारी माणसं, म्हणून कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला हाताचा भाता दिला. आपल्या नाटकवाल्यांनी पायपेटी चालू ठेवली ती वेगळी गोष्ट. पण व्हायोलिनही विलायतीच, त्याला कुणी रेडिओबाहेर काढलं नाही.

दौलतगंजची ताई, दुरुस्त करा. आपल्या गावात हे काम करणारे अजून आहेत. आणि क्लासच लावायचा तर आपल्याकडे तोटा आहे का? शंकर गांधर्व महाविद्यालय १९१४ पासून चालू आहे, माधव संगीत महाविद्यालय १९१८ पासून, त्यात आता मानसिंह तोमरांच्या नावाचं विद्यापीठ. २०२३ मध्ये युनेस्कोने आपल्याला संगीतनगरी म्हणून घेतलं, तेव्हापासून तर चौकाचौकात त्याच्या पाट्या दिसतात.

एकदा डिसेंबरात तानसेन समारोहाला पोराला घेऊन या. समाधीजवळच्या चिंचेचं पान खायला द्या. गळा गोड होतो म्हणतात. माझा झाला नाही, पण मी पानं कमी खाल्ली असतील.

इंदूरची_सून

पहिल्या प्रश्नाला पास. दुसऱ्यावर: लावू नका. आत्ता तरी नको.

मी लहानपणी सतार शिकले. लेकीला सहाव्या वर्षी सतारीच्या क्लासला घातलं, आठवड्यातून दोनदा, रामबागेतून थेट दुसऱ्या टोकाला. मी बाहेर गाडीत बसून मोबाइल बघायचे. ती दीड वर्ष गेली आणि एक दिवस गाडीतच म्हणाली, "तुला येतं तर तूच जा ना." मला राग आला होता. रात्री विचार केला तर पोरगी चुकीचं काय बोलली? शिकायचं मला होतं, पाठवत तिला होते.

मग खरंच मी गेले. तिच्याच गुरुजींकडे, तिच्याच वेळेला. पहिले दोन महिने मिजराब (तार छेडायची नखी) बोटात घातली की बोट आखडायचं, डाव्या तर्जनीला तारेची चीर पडायची. लहानपणी तिथे घट्टा होता, तो कधी विरघळला कळलंच नाही. लेक आता तेरा वर्षांची आहे. सतारीला हात लावत नाही. ढोलक उत्तम वाजवते, कुठून शिकली विचारू नका.

नवखी_आई

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे कीबोर्ड आहे, तो चालेल का?

टवाळ_कार्टं

@नवखी_आई, चालेल. भुंगा मात्र वेगळा विकत घ्यावा लागेल.

दौलतगंजची

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. खर्जातलेकाका, रागावू नका, पण तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला आणि आम्ही दोघं हसलो. चढा गंधार अखंड वाजतोय हे अक्षरशः खरं आहे.

दोन दिवस मी पेटी तशीच वाजवली, भुंग्यासकट. आधी बोटांना काही आठवतं का ते बघावं म्हणून. अलंकार आले. सारेग रेगम सरळ खाली उतरले, मला विचार करावाच लागला नाही. गती (रागातल्या बांधलेल्या रचना) मात्र गेल्या. यमनची गत पहिल्या ओळीपर्यंत आली आणि पुढे भिंत. आजोबांनी मोडीसारख्या अक्षरात लिहून दिलेली वही कुठे गेली देव जाणे.

यमन आणि भूप वाजवताना भुंगा फारसा त्रास देत नाही. दोन्हीकडे गंधार वादी, म्हणजे मुख्य सूर, त्यामुळे त्याचं म्हणणं चुकीचं नसतं, फक्त तो थांबत नाही. पण वृंदावनी सारंग घेतला तर अख्ख्या रागात गंधार वर्ज्य आणि हा तिथेही ठाण मांडून. चिरंजीव पोट धरधरून हसला. त्याला वर्ज्य म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही. "त्याला आत घ्यायचं नाहीये आणि तो दारातच उभा आहे," असं तो म्हणाला.

काल रात्री सुरसागरकाठ यांच्या सूचनेप्रमाणे पेटी उघडली. सुरांना हात लावला नाही, वचन पाळलं. वरचं झाकण काढलं, पट्ट्यांवरची आडवी फळी सोडवली, पांढरी चार उचलली. झडपेच्या कडेखाली तांदळाचा दाणा.

आधी वाटलं झुरळाचं अंडं आहे. चिमट्याने काढला तर पिवळा. अक्षत! मग टॉर्च धरून बघितलं तर पट्ट्यांच्या खाली, फळीच्या खोबणीत, अशा किमान पंधरा-वीस अक्षता. काही पिवळ्या, काही कुंकवाने गुलाबी, काहींचा नुसता भुगा. आजी दर खंडेनवमीला पेटीची पूजा करायची. हळदकुंकू, फूल आणि वरून मूठभर अक्षता, सढळ हाताने. त्यातल्या दरवर्षी दोन-चार पट्ट्यांच्या फटीतून आत जात असणार. एवढी वर्षं त्या खोबणीत पडून होत्या. माझ्या मते दुछत्तीवरून उतरवताना पेटी आडवी झाली आणि एक दाणा घरंगळत झडपेखाली जाऊन बसला.

मऊ ब्रशने सगळं साफ केलं. पट्टी परत बसवली. भाता भरला. शांतता. भुंगा गेला.

आणि मंडळी, चिरंजीव माझ्यावर चिडला. "भुंग्याला का मारलंस?" पाय आपटत आत गेला. मी पेटी नीट केल्याबद्दल शाबासकीच्या अपेक्षेत बसले होते. त्याला पेटीत रस नव्हता, त्याला भुंग्यात होता.

सुरसागरकाठ

हा हा हा. तुमच्या आजींनी आशीर्वाद जरा जास्तच आत पोचवला.

पेटीला अक्षता हा पेटीवाल्यांचा जुना वैताग. आमच्या ओळखीचे एक कारागीर होते, दसरा झाला की म्हणायचे, आता पंधरा दिवस काम बघायला नको. खोटं वाटेल, पण एका भजनी मंडळाच्या पेटीतून त्यांनी अख्खी सुपारी काढली होती.

बरं, भुंगा परत आणता येतो. पट्टी दाबलेली ठेवायची, बास. जुने लोक दोन पट्ट्यांच्या फटीत आगकाडी खोचून सूर धरून ठेवायचे. तंबोरा नसला की भजनाला हीच सोय. पोराला करून दाखवा.

खर्जातला

सुरसागरकाठ यांची सूचना योग्य आहे, मात्र आगकाडी षड्जावर लावा, गंधारावर नको. षड्ज आणि पंचम. पेटीचा पंचम जेमतेम दोन सेंट उतरलेला असतो, तो कानाला खपतो. एवढं तरी ऐका.

आणि हसलात त्याबद्दल राग नाही. मी स्वतः सहा वर्षं पेटी वाजवलेली आहे. म्हणूनच सांगतो.

हजीरावाला

@खर्जातला, हे तुम्ही पाच वर्षांत पहिल्यांदा सांगताय! कुठे वाजवली? कुणाला साथ केली?

खर्जातला

अवांतर होईल.

हजीरावाला

होऊ द्या की.

खर्जातला

वडील कीर्तन करायचे. त्यांना साथीला पेटी लागायची आणि माणूस परवडत नव्हता, म्हणून मी. नऊ ते पंधरा वर्षांपर्यंत. चातुर्मासात रोज. मला गायचं होतं. गाणारा मुलगा घरात आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तो पेटी वाजवत होता. असो. दौलतगंजची यांच्या धाग्यावर हे पुरे.

इंदूरची_सून

पुरे नाही, पण तुम्ही म्हणता तर पुरे.

टवाळ_कार्टं

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (विनोद लिहिला होता. वरचा प्रतिसाद वाचून काढला.)

दौलतगंजची

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. या वेळी हसले नाही.

थोडा ताजा हालहवाल. शनिवारी पेटी कारागिराकडे नेली. बाड्यामागच्या (बाडा म्हणजे इथला मुख्य चौक) गल्लीत, जिना इतका अरुंद की पेटी आधी आणि माणूस मागून. सत्तरीचे गृहस्थ, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्यांनी भाता दोनदा हलवला, खर्जातले चार सूर ऐकले आणि विचारलं, "बिटिया, चार-चालीस करना है क्या?" म्हणजे हल्लीच्या कीबोर्डला जुळणारी पट्टी, ४४० वाली. आमची पेटी त्यापेक्षा किंचित चढी निघाली. मी विचारलं, न केली तर? म्हणाले, कुणाबरोबर वाजवायची असेल तर करा, स्वतःशी वाजवायची असेल तर चौऱ्याऐंशी सूर कशाला घासायचे, जितके घासू तितकं त्यांचं आयुष्य कमी. मग फक्त नऊ सूर, जे आपसातच भांडत होते, तेवढे जुळवून घेतले. भात्याच्या एका कोपऱ्याला नवीन चामडं. झडपांची चामडी अर्धी बदलली. मजुरी सांगत नाही, पण चिरंजीवाच्या तिसऱ्या क्रिकेट-क्लासच्या फीपेक्षा कमीच.

निघताना त्यांनी एक काम सांगितलं. पेटी बंद करताना भाता पूर्ण दाबून आकडा लावायचा, अर्धवट उघडा ठेवायचा नाही. आणि आमच्याकडचा उन्हाळा: लू सुरू झाली की खोलीत कूलरच्या झोतात ठेवायची नाही आणि गच्चीला लागून असलेल्या भिंतीजवळही नाही. लाकूड एकदा दमट, एकदा कोरडं झालं की सूर बसवलेली फळी तडकते. इतके दिवस फुटक्या कूलरमागे होती हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता भुंग्याचं. आगकाडीची युक्ती दाखवली आणि मी स्वयंपाकघरात गेले. चूक तिथे झाली, किंवा झाली नाही. परत आले तर पेटीवर सहा आगकाड्या. सगळे सूर एकदम, आणि चिरंजीव भाता मारतोय. सासूबाई कानांवर हात ठेवून हसतायत. त्यांचं आणि पेटीचं एरवी फारसं जमत नाही, त्यांना दुपारची झोप प्रिय.

मी सहातल्या चार काढल्या. काकांचं ऐकून काळी एक आणि काळी चार ठेवल्या, षड्ज-पंचम. तो म्हणाला, हे तर झोपलेलं वाटतं. मग त्याने स्वतः पंचमाची काढून शेजारच्या काळी तीनवर लावली. शुद्ध मध्यम. ऐकत बसला. म्हणाला, "आता संध्याकाळ झाली." ते मध्यमामुळे की खरंच सहा वाजले होते म्हणून, मला सांगता येणार नाही.

आता रोजचा खेळ असा आहे. भाता तो मारतो, भुंगा कुठे बसवायचा ते तो ठरवतो. मी दोन्ही हातांनी, बसवलेल्या भुंग्याला सांभाळून काहीतरी वाजवायचं. काल त्याने मुद्दाम कोमल ऋषभावर बसवला आणि माझ्याकडे बघत राहिला, आता कर काय करायचं ते. मला भैरव आठवला. बारा मिनिटं. माझा डावा हात मोकळा असल्यामुळे खर्जाकडे जाता येतं, एकटीने वाजवताना ते जमतच नाही. त्याचा भाता मात्र कधी जोरात, कधी विसरलेला, त्यामुळे सूर मधूनच दमेकऱ्यासारखा ओढला जातो. 'एकसारखा मार रे' असं मी तीनदा म्हणाले. चौथ्यांदा माझ्या तोंडून आजोबांचं वाक्य आलं, 'भात्यात श्वास असतो, पोतं नसतं', तसंच्या तसं, त्यांच्याच हेलात. गप्प बसले.

क्लासचं नवऱ्याला सांगितलं, सध्या नाही. तो म्हणाला, मग शिकणार कसा? मी म्हटलं, माझी यमनची गत अजून दुसऱ्या ओळीत अडकली आहे, आधी मी शिकते. मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी साडेसहा, बँकेतून परस्पर. माझ्या वर्गात बाकी सगळे दहा-अकरा वर्षांचे. एका मुलीने विचारलं, "आंटी, आप किसको लेने आई हो?"

इंदूरची_सून

😂 मलाही हाच प्रश्न विचारला होता.

नवखी_आई

मी काल कीबोर्ड काढला. आगकाडी बसत नाही, पट्ट्यांमध्ये फटच नाही. चिकटपट्टी लावली. चालली.

खर्जातला

@दौलतगंजची, कोमल ऋषभावर भुंगा ठेवून भैरव वाजवलात, पण भैरवाचा ऋषभ आंदोलित असतो. स्थिर ऋषभ अखंड वाजत असताना ते आंदोलन दिसणार कसं? पुढच्या वेळी मुलाला तो षड्जावर बसवायला सांगा, आणि ऋषभ तुम्ही गळ्यातून लावा. पेटीवर नको. गा. बाकी पेटीला हरकत नाही.

हजीरावाला

नोंद घ्या मंडळी. 'पेटीला हरकत नाही.' तारीख लिहून ठेवा.

दौलतगंजची

काका, गायले. काळी एक मला खाली जाते, खर्जात आवाज पोचत नाही. आजोबांनी काळी चारचं तेव्हाच ऐकलं असतं तर बरं झालं असतं. आता चिरंजीवाला सांगून षड्जाची आगकाडी हलवायची, त्याला सगळे भुंगे नव्याने मोजावे लागतील, त्याबद्दल तो आत्ताच कुरकुरतोय.

खंडेनवमीला पूजा केली. सासूबाई अक्षता घेऊन आल्या, मी पेटीचं झाकण बंद करून वर रुमाल घातला. त्या म्हणाल्या, "अगं, रुमालाची पूजा करू की पेटीची?" मग पेटीतून काढलेली जुनी पिवळी अक्षत चिरंजीवाने दाखवली. त्याने ती डबीत ठेवली आहे, भुंग्याची म्हणून. सासूबाईंनी फूल वाहिलं आणि अक्षता देवाला परत नेल्या.

माळ्यावरचा_तबला

धागा आज वाचला, उशीर झाला. माझ्याकडेही मुरारला एक पेटी पडून आहे, खालच्या सप्तकातले तीन सूर मुके. बाड्यामागच्या त्या काकांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

दौलतगंजची

व्यनि केलाय. सकाळी अकराच्या आधी फोन करू नका, उचलत नाहीत. आणि जिना बघून जा.